पळसदेवचे वीरगळ कसे वाचावेत

इंदापूर तालुक्यातील जुने पळसदेव गाव उजनी धरणाच्या जलाशयात गेले, ग्रामस्थ नव्या गावठाणात स्थिरावले. भीमाकाठचे पळसनाथाचे मंदिर मात्र तेथेच राहिले. एरवी त्याचे शिखर तेवढे पाण्यावर दिसते. २०२४ च्या उन्हाळ्याप्रमाणे पाणी फार ओसरले, की संपूर्ण मंदिर आणि परिसरातील वीरगळ, सतीशिळा उघड्या पडतात. मंदिराची छायाचित्रे सर्वच घेतात. वीरगळ वाचणारे थोडे.

वीरगळ खालून वर वाचावयाचा असतो. सर्वांत खालच्या चौकटीत युद्धप्रसंग व धारातीर्थी पडलेला वीर असतो. तेथे गाई कोरलेल्या असतील, तर तो गोधनाच्या रक्षणार्थ लढला असे समजावे. त्यावरील चौकटीत अप्सरा त्यास स्वर्गास नेतात. त्याहून वर तो शिवलिंगाची पूजा करतो. माथ्यावरील चंद्रसूर्य म्हणजे ते असेतोवर कीर्ती राहील, ही ग्वाही. सतीशिळेची खूण म्हणजे कोपरात वाकलेला, कंकणे ल्यालेला हात.

महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळांवर लेख नाही आणि चेहराही कोणा एकाचा नाही. म्हणूनच शिळेची मूळ जागा हाच तिचा पुरावा होय. पायरीला वा बांधाला लावलेले वीरगळ गावोगाव आढळतात. ते कायमचे मुके झाले.

पाणी ओसरल्यानंतरचे दिवस मोजकेच असतात. तेवढ्या अवधीत शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी प्रत्येक शिळेची जागा, मोजमाप व चौकटींचे वर्णन लिहवून घ्यावे आणि ग्रामपंचायतीने ते दप्तरी ठेवावे. कोरीव काम उठून दिसावे म्हणून शेंदूर, तैलरंग वा खडू लावण्याचे कारण नाही. सकाळच्या किंवा सायंकाळच्या तिरप्या उन्हात रेषा आपोआप स्पष्ट होतात.