अंगदाला पडलेला प्रश्न



आजचं वाचन : वाल्मीकि रामायण, किष्किंधाकांड, सर्ग ६५ आणि ६६

प्रसंग आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. सीतामाईचा पत्ता लागलाय, समोर शंभर योजनं समुद्र आहे, आणि किनाऱ्यावर वानरांची मीटिंग बसली आहे. कोण किती लांब उडी मारू शकतो, हे प्रत्येकजण सांगतोय. गज म्हणतो दहा योजनं, गवाक्ष म्हणतो वीस. आकडा वाढत वाढत म्हाताऱ्या जांबवानापाशी नव्वदवर येतो. मग अंगद उठतो. तो म्हणतो, शंभर योजनं मी जाईन, पण परत येण्याइतकी ताकद उरेल की नाही, याची खात्री नाही.

गेल्या वर्षापर्यंत ही ओळ मी सरळ ओलांडून पुढे जायचो. आपल्याला मारुतीरायाच्या उड्डाणाची घाई असते ना! आता मात्र मी इथेच थांबतो. त्याला कारण माझा डावा गुडघा.

सांगतो. मी पुण्यातल्या कंपनीचं काम जाफराबादला घरी बसून करतो. पस्तिशी जवळ आलीय, दिवसभर खुर्ची. गावातल्या एका मैदानावर बास्केटबॉलचा खांब आहे. रिंग आहे, जाळी कधीच गेली. पोरं त्या खांबाचा उपयोग स्टंप म्हणून करतात. एका संध्याकाळी त्यातल्या एकाने विचारलं, "दादा, तुम्ही एवढे उंच, रिंगला हात लागतो का?" मारली उडी. बोटं रिंगच्या वीतभर खालीच राहिली. पोरं हसली. घरी येऊन मी एक्सेल शीट उघडली आणि ठरवलं, नुसता हात नाही लावायचा, डंक करायचा. म्हणजे चेंडू वरून रिंगमध्ये कोंबायचा.

हिशोब सोपा होता. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर, म्हणजे दहा फूट. १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी अमेरिकेत हा खेळ सुरू केला, तेव्हा पीच फळांच्या टोपल्या व्यायामशाळेच्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या होत्या. तो कठडा दहा फुटांवर होता, म्हणून आजही रिंग तिथेच. माझी उंची १८० सेंटीमीटर, हात वर केला की २३६. चेंडू साधारण २४ सेंटीमीटर व्यासाचा, म्हणून तो आत घालायला हात रिंगच्या निदान १५ सेंटीमीटर वर हवा. म्हणजे ८४ सेंटीमीटरची उडी. माझी होती ५२. अशक्य वाटायला लागलं की मी स्पड वेबचा व्हिडिओ लावायचो. पाच फूट सात इंचांचा माणूस, आणि १९८६ ची एनबीएची डंक स्पर्धा जिंकला!

घराच्या मागच्या भिंतीवर मोजमाप सुरू झालं. बोटं गेरूत बुडवायची, धावत येऊन उडी मारायची, जिथे ठसा उमटेल तिथे तारीख लिहायची. आई म्हणायची, "घर पाडतो का काय आता?" ठसे मात्र वर सरकत होते. सात महिन्यांत उडी ६६ वर गेली. हात ३०२ ला पोचला, रिंग तीन सेंटीमीटरवर. रोज उड्या मारायचो, रोज मोजायचो. सकाळी मारुतीस्तोत्र म्हणताना डोळ्यांसमोर मारुती कमी आणि रिंग जास्त, हे आज कबूल करतो.

आणखी एक कबुली. सुंदरकांडात समुद्रातून मैनाक पर्वत वर येतो आणि मारुतीला विश्रांती देऊ करतो. मारुती त्याला नुसता हात लावून पुढे जातो. या प्रसंगाचा अर्थ मी सोयीने 'विश्रांती नको' असा काढला होता. मारुतीराय रामकार्यासाठी एक उडी मारत होते, मी आठवड्याला दोनशे मारत होतो, हा फरक काही डोक्यात आला नाही.

गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागलं तेव्हा तीन आठवडे कोणाला सांगितलं नाही. मोव्ह लावायचो आणि पुन्हा उडी. मग जिना उतरताना कठडा धरावा लागला. मग देवासमोर मांडी घालता येईना.

आणि नेमकी अंगारकी आली. आईने दोन वर्षांपूर्वी माझ्या नोकरीसाठी राजूरच्या गणपतीला चालत यायचं बोललं होतं. एकटीला जमणार नाही, म्हणून ती माझी वाट बघत थांबली होती. या अंगारकीला नक्की, असं मी शब्द दिला होता. आदल्या रात्री गुडघा वाकेना. शेवटी आई शेजारच्या बायकांबरोबर चालत गेली आणि मी पाण्याचे जार घेऊन मोटारसायकलवर मागून. वाटेत एका झाडाखाली ती बसली होती, पायाला फोड आलेले. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "आई, तीनच सेंटीमीटर राहिलेत." ती म्हणाली, "हो का," आणि चप्पल घालून उठली. रागावली असती तर बरं झालं असतं.

जालन्याच्या फिजिओथेरपिस्टने पहिला प्रश्न विचारला तो उडीचा नव्हताच. "खाली कसे येता?" मी गप्प. सात महिन्यांच्या शीटमध्ये वर जाण्याचे शेकडो आकडे होते, खाली येण्याचा एकही कॉलम नव्हता. इंजिनिअरिंगची डिग्री असलेल्या माणसाने हे विसरावं! ६६ सेंटीमीटरवरून माणूस जमिनीवर येतो तेव्हा वेग ताशी साधारण १३ किलोमीटर असतो. तो वेग पाय ताठ ठेवून पाच सेंटीमीटरमध्ये थांबवला, तर ढोबळ हिशोबाने वजनाच्या चौदापट जोर पायांवर येतो. गुडघे, कंबर वाकवत पस्तीस सेंटीमीटरमध्ये थांबवला तर तिपटीच्या आत. उडी तीच, माणूस तोच. त्यात आमची काळी जमीन, उन्हाळ्यात भेगाळून दगड झालेली. शिवाय स्नायू लवकर तयार होतात, टेंडनला फार वेळ लागतो. म्हणजे इंजिन मोठं झालं आणि ब्रेक जुनेच राहिले.

त्या रात्री पारायणात हे दोन सर्ग आले. अंगद युवराज आहे, तरुण आहे, सगळ्यांचे डोळे त्याच्यावर आहेत. शंभर म्हणून गप्प बसला असता तरी टाळ्या पडल्या असत्या. त्याने परतीचा कॉलम भरला. सीतामाईची खबर घेऊन कोणी परतच आलं नाही, तर त्या उडीचा रामाला काय उपयोग? जांबवान त्याला कमी लेखत नाही. तू जाशील आणि येशीलही, पण तू आमचा मुख्य आहेस, तुला जपलं पाहिजे, असं समजावतो. मग बाजूला एकटाच शांत बसलेल्या मारुतीकडे वळतो.

आणि त्याला काय आठवण करून देतो? लहानपणची सूर्याकडे घेतलेली झेप. इंद्राचं वज्र लागलं, बाळ पर्वताच्या शिखरावर आदळलं, डावी हनुवटी मोडली, तेव्हापासून नाव पडलं हनुमान. ज्या नावाने आपण रोज हाक मारतो ते एका मोडलेल्या हनुवटीवरून आलंय, हे मला त्या रात्री पहिल्यांदा नीट दिसलं. स्तुती करतानाही जांबवानाने ते आपटणं वगळलेलं नाही.

आता माझा दिनक्रम असा. भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखं ४५ सेकंद थांबायचं, पाच वेळा. सेकंद मोजत नाही, नाम घेतो. मग फूटभर उंचीच्या स्टुलावरून खाली यायचं, आवाज न करता. उड्या आठवड्यातून दोनच दिवस, मोजमाप महिन्यातून एकदा. न मोजता राहणं सगळ्यात अवघड गेलं. पहिले पंधरा दिवस गेरूच्या वाटीकडे हात जायचा. गेल्या महिन्यात आकडा आला २९८, म्हणजे चार सेंटीमीटर मागे. डंक होईल का? माहीत नाही. पुढच्या अंगारकीला राजूरला चालत जायचंय, त्यासाठी रोज संध्याकाळी आईबरोबर फिरतो. तिचा वेग माझ्यापेक्षा जास्त आहे.

परवा मी मागच्या अंगणात होतो, आई स्वयंपाकघरात. थोड्या वेळाने तिने खिडकीतून विचारलं, "आज उड्या मारायच्या नव्हत्या का रे?"

"मारल्या की. बारा झाल्या."

"मला नाही आवाज आला," ती म्हणाली, आणि पोळी उलटली.

राम कृष्ण हरी 🙏