रफिंगला साइज हलतोय? बॉल स्क्रूच्या बिलाआधी हे तपासा

सीएनसी लेथवर हलक्या कटला जॉब मापात, आणि तीन-चार मिलिमीटरचा कट लावला की कुठला 50 मायक्रॉन मोठा, कुठला लहान. भोसरी असो, शिरोली की वाळूज, अशा वेळी सल्ला ठरलेला असतो: ‘बॉल स्क्रू गेला.’ तो जाऊही शकतो. पण आधी स्वस्त कारणं संपवा. त्यातली बहुतेक तुम्हाला आणि तुमच्या सेटरला एका पाळीत तपासता येतात.

नवीन इन्सर्ट लावा, ऑफसेटला हात लावू नका आणि सलग दहा जॉब काढा. प्रत्येकावर मार्करने नंबर टाका. व्यास आणि लांबी वेगवेगळी लिहा, तीही जॉब थंड झाल्यावर. 50 मिलिमीटर व्यासाचा पोलादी जॉब 40 अंशांनी गरम असेल तर सुमारे 23 मायक्रॉन मोठाच दिसतो. अर्धी तक्रार कधीकधी इथेच मिटते.

आता आकडे वाचा. माप हळूहळू एकाच दिशेने सरकतंय? उष्णता किंवा इन्सर्टची झीज. सकाळी वीसेक मिनिटं मशीन रिकामं फिरवा आणि फिनिशिंगचं टूल वेगळं ठेवा. व्यास ठीक, पण लांबी हलतेय? जॉब चकमध्ये मागे सरकतोय. हायड्रॉलिक प्रेशर, जॉची पकड आणि चकचं ग्रीस बघा. वेग वाढला की जॉ बाहेर फेकले जातात आणि पकड सैल होते, हेही धरा. प्रेशर मात्र डोळे मिटून वाढवू नका. पातळ जॉब अंडाकृती होईल.

व्यास कधी वर, कधी खाली असेल तर आधी टूल बघा. इन्सर्टखालची चिप, दबलेला शिम, सैल स्क्रू: खर्च काही शेकड्यांत. मग टरेट. लिव्हर डायल टूल होल्डरला लावून शून्य करा, स्लाइड मागे घ्या, टरेटची पूर्ण फेरी मारा आणि त्याच जागी परत या. तीन-चार वेळा करा. काटा दर वेळी वेगळीकडे थांबला तर टरेट नीट लॉक होत नाही: आत चिप अडकली आहे, प्रेशर कमी आहे किंवा जुन्या धडकेत कपलिंग दुखावलं आहे. एक्स दिशेतला फरक व्यासावर दुप्पट दिसतो, हे हिशेबात असू द्या.

टरेट निर्दोष निघाला तर एक्स अक्षाचं कव्हर उघडा. मेन स्विच बंद, कुलूप लावून, मगच. सर्व्हो मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या कपलिंगवर, शाफ्टपर्यंत जाईल अशी मार्करची सरळ रेघ ओढा. बेल्ट असेल तर पुली आणि शाफ्टवर ओढा, बेल्टचा ताण आणि दातही बघा. कव्हर लावा, चार-पाच जॉब जोरात रफ करा, पुन्हा बघा. रेघ तुटली असेल तर चोर सापडला. बहुतेक लहान लेथवर एनकोडर मोटरवरच असतो, त्यामुळे कपलिंग घसरलं तरी स्क्रीनवरचा आकडा बरोबरच दिसतो. बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळणं हे फार तर एका व्हिजिटचं काम आहे, स्क्रू बदलण्याचं नाही.

रेघ शाबूत असेल तरच बॅकलॅश मोजा: डायल लावून हँडव्हीलने एका दिशेने या, मग उलट फिरा, काटा किती उशिरा हलतो ते लिहा. फरक मोठा असेल तरी स्क्रूआधी त्याची बेअरिंग आणि गिब तपासून घ्या.

दोन शॉर्टकट सुचवले जातील, दोन्ही टाळा. एक, दर जॉबला ऑफसेट. माप उड्या मारत असेल तर तुम्ही फक्त उडीच्या मागे धावाल. दोन, पॅरामीटरमध्ये बॅकलॅश वाढवणं. फानुकवर तो 1851. सैल भाग कटच्या जोरानुसार कमीजास्त हलतो, एकच आकडा त्याला पुरत नाही. तरी कुणी बदललाच, तर जुना आकडा आधी लिहून ठेवा.

आता बिल. कोटेशन लेखी घ्या आणि विचारा: व्हिजिट चार्ज दिवसाचा की तासाचा? प्रवास आणि मुक्काम वेगळा? निदान चुकलं तर दुसरी फेरी कुणाच्या खर्चाने? स्क्रूच्या किमतीत बेअरिंग, बसवणूक, अलाइनमेंट आणि लेझर कॅलिब्रेशन आहे का? हे चार आकडे मागाहून निघतात आणि मूळ किमतीला फुगवतात. त्यावर 18 टक्के जीएसटी. नोंदणी असेल तर क्रेडिट मिळतं, कंपोझिशनमध्ये मिळत नाही. बंद मशीनचाही आकडा मांडा: तासाला 500 रुपये दर धरला तर दोन पाळ्यांचे 8,000 रुपये रोज. एएमसी असेल तर बेल्ट, सील आणि बेअरिंग त्यात धरलेत का ते बघा. ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ शब्दावर जाऊ नका.

इंजिनियर येण्याआधी मशीनचा सीरियल नंबर, कंट्रोलचं मॉडेल, खरेदीचं बिल, एएमसीची प्रत, दहा जॉबचा तक्ता आणि पॅरामीटरचा बॅकअप तयार ठेवा. काम झाल्यावर जुना भाग ताब्यात घ्या आणि मापं लिहिलेल्या सर्व्हिस रिपोर्टशिवाय सही करू नका. वॉरंटीही त्याच कागदावर हवी. कारण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक वापराची खरेदी बसत नाही. स्वतः मशीन चालवून पोट भरणाऱ्याला सूट आहे, पण कामगार ठेवून कारखाना चालवत असाल तर समोरचा पहिला आक्षेप तोच घेईल.