लेण्यांतील अंधार आणि नवशिक्याची लेन्स

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर उभे राहून टिपलेली छायाचित्रे घरी येऊन पाहावीत, तर ती बहुधा धूसर निघालेली असतात. तेथे फ्लॅशला मनाई आहे. रंगांच्या रक्षणासाठी ती योग्यच होय. ट्रायपॉडही परवानगीवाचून नेता येत नाही. उरतात ते आपले दोन हात. म्हणूनच पहिला कॅमेरा घेणाऱ्या आपल्या मुलामुलींना आणि त्यासाठी पैसे साठवणाऱ्या पालकांना प्रश्न पडतो, की प्रतिमा-स्थिरीकरण असलेल्या लेन्ससाठी जास्त खर्च करावा काय?

या लेन्समध्ये हाताचा कंप ओळखणारे सूक्ष्म संवेदक असतात आणि त्यानुसार आतील एक भिंग विरुद्ध दिशेने सरकते. ५० मिलिमीटरच्या लेन्सने, नवशिक्यांच्या नेहमीच्या लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यावर, हातात धरून साधारण १/८० सेकंदापर्यंत स्वच्छ चित्र मिळते. स्थिरीकरणाने तीन पायऱ्यांचा लाभ झाला, तर १/१० सेकंदातही ते साधते. भित्तिचित्र जागचे हलत नाही. तेव्हा येथे हा लाभ पुरेपूर मिळतो. सव्विसाव्या लेण्यातील महापरिनिर्वाणाच्या शिल्पालाही हेच लागू पडते.

मात्र स्नेहसंमेलनात लेझीम खेळणारी मुले १/१० सेकंदात पुसटच येणार. स्थिरीकरण आपला हात सावरते, समोरच्याची हालचाल थांबवीत नाही. तेथे शटर १/२५० च्या आसपास हवे, आणि त्यासाठी लेन्सनेच अधिक प्रकाश आत घेतला पाहिजे. एफ/१.८ ची साधी ५० मिलिमीटर लेन्स स्वस्त असते. तिच्यात बहुधा स्थिरीकरण नसते, परंतु एफ/५.६ च्या तुलनेत ती तीन पायऱ्यांहून अधिक प्रकाश घेते. आमच्या मते नवशिक्याने दुसरी लेन्स म्हणून हीच घ्यावी. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या १८-५५ लेन्समध्ये स्थिरीकरण बहुतेकदा असतेच. तेवढ्यासाठी वेगळा खर्च नको. दूरच्या पक्ष्यांसाठी २०० मिलिमीटरच्या पुढची लेन्स घ्यायची असेल, तर मात्र ते अवश्य पाहावे, कारण तेथे हाताचा किंचित कंपही मोठा होऊन दिसतो.

बिनॉय बहल यांनी १९९१ मध्ये अजिंठ्याची चित्रे टिपली, ती अत्यल्प प्रकाशात, दीर्घ एक्स्पोजर देऊन. कॅमेऱ्याला जोडता येणारी स्थिरीकरणाची लेन्स बाजारात यायला त्यानंतर १९९५ साल उजाडावे लागले. (आज खिशातल्या मोबाईलमध्येही ही सोय असते, हे आमच्या पिढीला अजून नवलच वाटते!)

सरावासाठी अजिंठ्यापर्यंत शंभर किलोमीटर जाण्याचे कारण नाही. बीबी का मकबऱ्यामागील डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत. सातव्या लेण्यातील नृत्यशिल्पासमोर कोपरे छातीशी टेकवावीत, श्वास सोडता सोडता बटण हळूच दाबावे आणि एकाच दृश्याची चार-पाच छायाचित्रे घ्यावीत. एकदा स्थिरीकरण सुरू ठेवून व एकदा बंद करून ती मोठी करून पाहिली, म्हणजे आपल्या हाताला त्याची कितपत गरज आहे, ते दुकानात जाण्यापूर्वीच कळेल.