योगक्षेम आणि पाठीवरची पिशवी

आजचे चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 9, श्लोक 22



आजचा श्लोक आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात आहे, पण पोथीत नव्हे, कपाटातल्या फाइलीत. आयुर्विमा महामंडळाच्या बोधचिन्हाखाली याच श्लोकाचे शेवटचे शब्द छापलेले असतात. हप्ता भरताना आपण ते पाहतो आणि पुढे जातो. आज जरा थांबून पाहू.

श्लोकाचा आशय असा. जे अनन्यभावाने माझं चिंतन करतात, नित्य माझ्याशी जोडलेले असतात, त्यांचा योगक्षेम मी वाहतो, असं भगवंत म्हणतात. यातला 'योग' म्हणजे जे आपल्याजवळ नाही ते मिळणं, आणि 'क्षेम' म्हणजे जे मिळालं ते टिकणं. आचार्यांनी भाष्यात हाच अर्थ दिला आहे. संसारातल्या जवळजवळ सगळ्या काळज्या या दोन शब्दांत मावतात. नोकरी मिळेल का हा योग, ती टिकेल का हा क्षेम.

आता 'वाहतो' हे क्रियापद बघा. अर्जुनमिश्र नावाच्या एका पंडिताची कथा कीर्तनात नेहमी सांगतात. देव स्वतः ओझं कसा वाहील, असं वाटून त्याने पोथीतला तो शब्द खोडला आणि 'देतो' असा शब्द लिहिला. त्याच दिवशी एक सावळा मुलगा डोक्यावर शिधा घेऊन त्याच्या दारी आला, आणि त्याच्या अंगावर खोडल्याचे ओरखडे होते. देणारा दुरूनही देऊ शकतो. वाहणाऱ्याला मात्र ओझ्याखाली यावं लागतं.

हा फरक मला पुस्तकापेक्षा रस्त्यावर जास्त कळला. गेल्या कार्तिकात आम्ही चौघं पौनारहून कौंडण्यपूरला पायी निघालो होतो. कौंडण्यपूर हे रुक्मिणीमातेचं माहेर, वर्धा नदीच्या काठी. वाट वर्धा, आंजी, खरांगणा, आर्वी अशी. आमच्यात एक निवृत्त शिक्षक होते, त्यांना सगळे गुरुजीच म्हणतात.

पहिला टप्पा पौनार ते आंजी, वीस-बावीस किलोमीटरचा. पहाटे धाम नदीला नमस्कार करून निघालो. वर्ध्याच्या अलीकडे गोपुरीला गीताई मंदिर लागतं. तिथे मूर्ती नाही, छत नाही. उभ्या दगडी शिळांवर अठराही अध्यायांची गीताई कोरलेली आहे. नवव्या अध्यायापाशी गुरुजींनी आजच्याच श्लोकावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "आता बाजारात जाऊ. तिथे याची परीक्षा आहे."

वर्ध्यात शिधा भरायचा होता. पुढे आर्वीपर्यंत मोठी बाजारपेठ नाही. यादी साधीच होती: फुटाणे, गूळ, शेंगदाणे, पोहे, ओआरएसची पाकिटं, खोबरेल तेल, पायाच्या फोडांसाठी चिकटपट्टी, टॉर्चचे सेल. शिवाय वर्ध्याचा गोरसपाक, कारण तो प्रवासात चांगला टिकतो. आमच्यातला एकजण म्हणाला, पाच दिवसांचं घेऊन टाकू, वाटेत नाही मिळालं तर? दुकानदाराच्या काट्यावर त्याची पिशवी ठेवली, ती नऊ किलो भरली. गुरुजी म्हणाले, "दोन दिवसांचं घे. आर्वीलाही माणसंच राहतात." पिशवीतलं निम्मं सामान परत काउंटरवर गेलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. गुरुजींनी 'काहीच घेऊ नका, देव बघेल' असं म्हटलं नाही. पाणी घेतलं, औषध घेतलं, दोन दिवसांचं अन्न घेतलं. अनन्य चिंतन म्हणजे व्यवस्था सोडणं नव्हे. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दिवसाची भीती आजच पाठीवर घ्यायची नाही, एवढंच.

आंजीच्या अलीकडे दुपार कलली. रस्त्याकडेच्या शेतात दोन बाया वेचलेल्या कापसाची गाठोडी बांधत होत्या. आमच्या पिशव्या हलक्या होत्या, डोकी रिकामी होती. आम्ही एकेक गाठोडं उचललं आणि त्यांच्या घरापर्यंत नेलं. त्यातल्या थोरल्या मावशी म्हणाल्या, "आता रात्रीचं कुठं जाता जी? इथंच थांबा ना." घरात पाहिलं तर एक अख्खी खोली कापसाने भरलेली. भाव वाढायची वाट पाहत होता तो कापूस. घरची माणसं ओसरीवर झोपत होती, आम्हीही तिथेच पडलो. त्याआधी भाकरी, पिठलं आणि मिरचीचा ठेचा पोटभर.

रात्री गुरुजींनी हा श्लोक सांगितला. मावशींनी शांतपणे ऐकला आणि विचारलं, "मंग आमचा बोजा देव केव्हा उचलते जी?"

कोणी काही बोललं नाही. ज्या जिल्ह्यात कापसाच्या कर्जाखाली माणसं जीव देतात, तिथे या प्रश्नाला गोड उत्तर देणं पाप आहे. त्यांची भक्ती कमी पडली, असं म्हणण्याची तर कोणाचीही छाती होऊ नये.

मला उत्तराची दिशा दिसते ती याच वाटेवरून गेलेल्या एका माणसाकडे पाहून. मार्च 1951 मध्ये विनोबा वर्ध्याहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला पायी निघाले. पौनारला त्या काळात त्यांचा कांचनमुक्तीचा प्रयोग चालू होता. पैशाचा आधार सोडायचा आणि स्वतःच्या हातांनी खणून-पेरून जगायचं, असा तो प्रयोग. म्हणजे त्यांच्याही विश्वासाच्या हातात कुदळ होतीच. संमेलनानंतर 18 एप्रिलला ते तेलंगणातल्या पोचमपल्लीला पोचले. तिथल्या चाळीस भूमिहीन दलित कुटुंबांनी ऐंशी एकर जमीन मागितली. विनोबांनी गावाला विचारलं, तेव्हा रामचंद्र रेड्डी उभे राहिले आणि शंभर एकर देतो म्हणाले. भूदान सुरू झालं ते असं. त्याच वर्षी 12 सप्टेंबरला विनोबा पुन्हा पौनारहून दिल्लीकडे पायी निघाले, आणि पुढे वर्षानुवर्षं चालत राहिले. 1964 च्या एप्रिलमध्ये ते पौनारला परतले.

भूदानातली बरीच जमीन खडकाळ निघाली, बरीच वाटलीच गेली नाही, हेही खरं आहे. पण पोचमपल्लीच्या त्या दिवशी देवाने योगक्षेम कसा वाहिला? आभाळातून काही पडलं नाही. एका माणसाने दुसऱ्याचं ओझं आपलं मानलं. देवाला वाहायला खांदे लागतात, आणि ते आपलेच असतात.

मावशींनी त्या रात्री आमचा योगक्षेम वाहिला. आमच्याकडून त्यांना मिळालं ते चार गाठोडी वाहण्याचं काम, तेवढंच. हा हिशोब जुळत नाही, आणि तो जुळल्याचं मी दाखवणारही नाही. त्यांचा प्रश्न अजून उघडा आहे. पण तो प्रश्न देवाइतकाच आपल्यालाही विचारलेला आहे, हे त्या ओसरीवर मला पटलं.

आजचा पाठ तीन गोष्टींत सांगतो.

1. गरजेपुरतं जरूर घ्या. नियोजन आणि श्रद्धा यांचं भांडण नाही.

2. भीतीपोटी साठवलेलं ओझं ओळखा. पाठ भरलेली असली की दुसऱ्याचं गाठोडं उचलायला जागा उरत नाही.

3. 'देव बघेल' हे वाक्य स्वतःच्या काळजीसाठी वापरा, दुसऱ्याच्या अडचणीसाठी नको. दुसऱ्याच्या बाबतीत 'मी काय उचलू?' असं विचारा.

आज दिवसभरात स्वतःला एवढंच विचारून पाहा: माझ्या पिशवीत पाचव्या दिवसाचं काय काय आहे, आणि माझ्या शेजारी पहिल्या दिवसाचंही कोणाजवळ नाही?

प्रार्थना: हे माधवा, आज पुरेल एवढं दे. जास्त दिलंस तर ते कोणापर्यंत पोचवायचं तेही दाखव. तुझ्या वाहण्यात माझा एक खांदा लागू दे.

राम कृष्ण हरी.