मेंदूची गाठ आणि मंडळीचे कर्तव्य
शास्त्रपाठ : ईयोब २:११-१३, मार्क २:१-५

ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसले. त्याचे दुःख वाढले ते त्यांनी दोष लावण्यास आरंभ केल्यावर. बरकतपुऱ्यातील एखादे कुटुंब मेंदूतील गाठीच्या उपचारासाठी रेड हिल्सच्या मेहदी नवाज जंग कर्करोग रुग्णालयात खेपा घालते, तेव्हा आपण कसले मित्र ठरतो?

१. दोष लावू नये. मेंदूच्या पुढील भागातील गाठीमुळे शांत मनुष्यही चिडखोर किंवा उदासीन होऊ शकतो. सूज उतरविणाऱ्या स्टिरॉइड औषधानेही झोप उडते, संताप येतो. हे आजाराचे लक्षण आहे, विश्वासाची उणीव नव्हे. फिट येणे ही भूतबाधा नव्हे.

२. भेट लहान असावी. किरणोपचारानंतरचा थकवा पुष्कळदा महिनोन्‌महिने टिकतो. शब्द चटकन आठवत नाहीत. एका वेळी एकानेच बोलावे, उत्तराची वाट पाहावी. घरच्या निर्णयांत रोग्याचेही मत घ्यावे.

३. सांभाळणाऱ्यास विसरू नये. पक्षघाती मनुष्याची बाज चौघांनी उचलली होती; येथे बहुधा पत्नी एकटीच जागते. मंडळीने पाळ्या लावाव्यात. रोग्याची वा तिची उदासी टिकून राहिल्यास डॉक्टरांना सांगावे. तिच्यावर उपचार आहेत.

वर्गात चर्चा करा : आपल्या मंडळीत अशी बाज आज कोण एकट्याने उचलीत आहे?