डोक्यावरचा मार अंगावर काढू नकोस

चि. निनाद,

काल सुमनचा फोन आला. परवा शॉर्ट लेगला उभा असताना चेंडू तुझ्या कानशिलावर बसला, हेल्मेट नव्हतं, आणि रात्री दोनदा उलटी झाली म्हणे. मी लगेच फोन केला, तर ‘मावशी, टेंगूळ आलंय फक्त, शुद्ध कुठे गेली होती?’ म्हणून ठेवून दिलास. शुद्ध गेली नाही म्हणजे काही झालं नाही, असं नसतं रे.

रमण लांबाचं नाव तू ऐकलं असशील. १९९८च्या फेब्रुवारीत ढाक्याला क्लबच्या सामन्यात तोही असाच, हेल्मेटशिवाय, फलंदाजाच्या अगदी जवळ उभा होता. चेंडू डोक्याला लागला, स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेला, आणि तीन दिवसांनी वारला.

कानशिलाचं हाड पातळ असतं आणि त्याला आतून लागूनच एक धमनी जाते. हाडाला तडा गेला की ती फाटू शकते. कवटी आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठू लागतं. मधले काही तास माणूस चालतो, बोलतो, चहासुद्धा पितो. मग झापड येते. वॉर्डात अशा पेशंटच्या डोळ्यांवर मी टॉर्च मारलाय. एक बाहुली आकसते, दुसरी मोठीच्या मोठी राहते. तिथून पुढे मिनिटं मोजायची.

शिरेतून होणारा रक्तस्राव सावकाश चालतो, म्हणून तो जास्त फसवा. आबांचं तुला ठाऊकच आहे. न्हाणीघरात पाय घसरला, डोकं आपटलं, उठून जेवले. तीन आठवड्यांनी पाय ओढायला लागले, नावं विसरायला लागले. मी तेव्हा नर्सिंगला गेलेही नव्हते. घरात सगळे ‘वय झालं’ म्हणत होते आणि मी आबांवर चिडायचे. आवरणाखाली गुठळी वाढत होती, हे कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. ते चिडणं मला अजून सलतं.

आणि तू गोळी घेऊन झोपलास! दोनदा उलटी झाल्यावर! डोकं वाढत्या जोराने दुखणं, हाक मारून नीट जाग न येणं, जीभ अडखळणं, एका बाजूचा हात-पाय ढिला पडणं, नाकाकानातून पाण्यासारखं गळणं, कानामागे काळंनिळं होणं. यातलं एकही दिसलं तर १०८ला फोन करायचा. खोलीतल्या मुलांनाही हे वाचून दाखव, कारण गुंगीत असलेल्याला स्वतःचं कळत नाही. स्कॅन स्वच्छ आला तरी मेंदूला हादरा बसलेला असू शकतो. डॉक्टर हो म्हणेपर्यंत मैदानावर पाऊल टाकायचं नाही.

निवड चाचणी तोंडावर आलीय म्हणून लपवलंस, हे मला कळतं. चेंडू लागण्याआधीच्या षटकात तू सुरेख झेल घेतलास म्हणे. सुमन रडत होती आणि तेही सांगत होती. आम्हाला तुझा खेळ नकोय असं मनात आणू नकोस, राजा. बोलले ते पोटतिडकीने बोलले.

हे पत्र घेऊन दादा येतोय. पैसे त्याच्याकडे दिलेत. काही न बोलता त्याच्याबरोबर आजच सीटी स्कॅनला जा, आणि झाल्यावर कितीही वाजलेले असोत, मला फोन कर.

तुझी
मावशी