पत्र, प्रसंग आणि आज्ञा : करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या वाचनाविषयी

नव्या करारातील सत्तावीस ग्रंथांपैकी एकवीस ग्रंथ पत्ररूप आहेत. पत्राला प्रसंग असतो, ठरावीक वाचक असतो आणि उभयतांना जे ठाऊक असते ते त्यात बहुधा लिहिलेले नसते. तरीही श्रद्धा व मंडळीचा व्यवहार यांविषयी मार्गदर्शन शोधणारा वाचक या पत्रांकडे कलमवार संहिता म्हणून पाहतो. या दोहोंतील ताण पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात विशेष जाणवतो.

रोमनांनी इ. स. पू. 146 मध्ये उद्ध्वस्त केलेले करिंथ इ. स. पू. 44 मध्ये रोमन वसाहत म्हणून पुन्हा वसले. दास्यमुक्त झालेल्यांचा मोठा भरणा असलेल्या या व्यापारी नगरातील मंडळीला पौलाने इफिसहून, साधारणतः इ. स. 53 ते 55 च्या दरम्यान हे पत्र लिहिले. ‘पहिले’ हे नाव फसवे आहे. त्याआधीच्या एका पत्राचा उल्लेख पाचव्या अध्यायातच येतो आणि ते पत्र आज उपलब्ध नाही. ख्लोवेच्या माणसांनी तोंडी सांगितलेली गाऱ्हाणी आणि करिंथकरांनी लेखी विचारलेले प्रश्न, अशा दोन निमित्तांतून हा मजकूर घडला आहे. म्हणजे उत्तर हाती आहे, प्रश्नपत्र मात्र हरवले आहे.

याचा परिणाम थेट अर्थावर होतो. सातव्या अध्यायाच्या आरंभी पुरुषाने स्त्रीपासून दूर राहणे चांगले, अशा आशयाचे विधान आहे. ते पौलाचे मत, की त्याने उत्तरासाठी उद्धृत केलेले करिंथकरांचे मत? प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत अवतरणचिन्हे नाहीत. जुन्या मराठी पोथ्यांचे संपादन करणाऱ्यांना ही अडचण अपरिचित नाही. आज बहुतेक अभ्यासक हे विधान करिंथकरांचे मानतात. पुढचा युक्तिवादही त्याला मुरड घालणारा आहे. म्हणजे अनुवादकाने एक चिन्ह घातले नाही, तर ज्या मताचे पौल खंडन करतो तेच त्याची आज्ञा ठरते.

अकराव्या अध्यायातील प्रभुभोजनाचा प्रसंग याहून बोलका आहे. मंडळी एकत्र येते, पण कोणी उपाशी राहतो आणि कोणी पिऊन तर्र होतो. गेर्ड थाइसेन यांनी 1974 साली या वादाचे मूळ सिद्धान्तभेदात नव्हे, तर श्रीमंत व गरीब यांच्यातील अंतरात शोधले. सधनाच्या घरी जमलेल्या मंडळीत यजमानाच्या बरोबरीच्यांना एक वाढणे आणि इतरांना दुसरे, ही रोमन मेजवान्यांची रीतच होती. मराठी वाचकाला यासाठी ‘पंक्तिभेद’ हा नेमका शब्द सहज सुचतो. मात्र तो जपून वापरावा, कारण करिंथमधील भेद दर्जाचा व संपत्तीचा होता, जन्मजात विटाळाचा नव्हता. ‘शरीर’ न ओळखता खाणाऱ्यावर पौल जो ठपका ठेवतो, त्यातील ‘शरीर’ म्हणजे केवळ भाकर, की समोर उपाशी बसलेली मंडळी? बाराव्या अध्यायातील शरीर व अवयव यांचे रूपक पाहता दुसरा अर्थ डावलता येत नाही. तसे असेल, तर आत्मपरीक्षणाचा आदेश खाजगी पापांच्या उजळणीपुरता उरत नाही. तरीही भूक लागल्यास घरी खावे, हा पौलाचा तोडगा धनिकांना सोयीचाच ठरतो; ज्याच्या घरी अन्नच नाही त्याचे काय, याचे उत्तर पत्रात नाही.

स्त्रियांनी सभेत मौन पाळावे, या चौदाव्या अध्यायातील वचनांचा प्रश्न पाठचिकित्सेचा आहे. काही हस्तलिखितांत ही दोन वचने अध्यायाच्या शेवटी आढळतात. आणि अकराव्या अध्यायात स्त्रिया सभेत प्रार्थना करतात, संदेश देतात हे गृहीतच धरले आहे. त्यामुळे ती वचने नंतरची भर असावीत, असे काही अभ्यासक मानतात. केवळ एवढ्यावर मंडळीतील स्त्रीचे स्थान ठरवणे धाडसाचे आहे.

मार्गदर्शनासाठी या पत्राकडे वळणारा एक अगदी जुना वाचकही सापडतो. पहिल्या शतकाच्या अखेरीस करिंथमध्ये काही वडिलांना पदच्युत केले गेले, तेव्हा रोमच्या मंडळीने पाठवलेल्या पत्रात (ते क्लेमेंटच्या नावाने ओळखले जाते) करिंथकरांना पौलाचे पत्र पुन्हा हाती घेण्यास सांगितले आहे. तेथे पौलाची आज्ञा कलमासारखी लावलेली नाही. पूर्वीच्या तटबाजीची आठवण देऊन, त्या वेळी निदान नामांकित प्रेषितांच्या नावे तट पडले होते, आता मात्र एकदोघांसाठी मंडळी वडिलांविरुद्ध उठली आहे, अशी तुलना केली आहे.